दुनळीवरचं नाव कोणाचं? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नमस्कार सर. आमचं मूळ गाव मुळशीकडचं. आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, आता ती काकांच्या लायसन्सवर आहे. गणपतीत गावी गेलो तेव्हा काका तिला तेलपाणी करत होते आणि मी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजीत कलकत्त्याच्या एका कंपनीचं नाव कोरलंय. पण दस्त्याच्या, म्हणजे मागच्या लाकडी भागाच्या, खालच्या अंगाला चांदीची एक छोटी चकती बसवलीये आणि तिच्यावर देवनागरीत एक नाव, पुढे 'मिस्त्री, पुणें', खाली 'शके १८५७'. आजोबा सांगायचे म्हणे, पुण्याच्या मिस्त्रीनं ही खास माझ्या हाताची करून दिली. नेटवर नाव टाकून टाकून दमलो, काहीच सापडत नाही. पेशवे दफ्तरात जाऊन बघू का? हा माणूस कोण होता, दुकान कुठे होतं, अजून किती बंदुका त्यानं बनवल्या, हे शोधायचं कसं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'माझ्या हाताची' ह्या शब्दांपाशी थांबलो. खरी वाट तिथूनच जाते, पण त्याकडे जरा नंतर येतो. चकतीवरचं नाव इथे मुद्दाम छापत नाही. त्या मिस्त्रीच्या घरच्यांचा पत्ता लागला की त्यांना विचारून छापू.

पेशवे दफ्तरात आत्ता जाऊ नका. पुराभिलेखागारातला तो मोठा खजिना मुख्यतः पेशवाईचा आणि त्यानंतरच्या इनाम-बिनामांचा आहे, आणि तुमचा माणूस आहे शके १८५७ चा. शकात ७८ मिळवा, म्हणजे १९३५. शक चैत्रात सुरू होतो म्हणून १९३५ च्या एप्रिलपासून १९३६ च्या मार्चपर्यंतचा काळ धरायचा. हे एक वर्ष हातात आहे ही फार मोठी गोष्ट आहे हो, बहुतेकांकडे एवढंही नसतं. 'पुणें' वरचा तो अनुस्वारही जुन्या शुद्धलेखनाला धरूनच आहे, १९६२ च्या नियमांनी असले अनुस्वार गेले, म्हणजे चकती नंतर कोणी हौसेनं लावली असेल ही शंका जरा कमी होते. जरा कमी होते एवढंच, पुरावा नव्हे.

आता मुख्य गोष्ट. एका बंदुकीवर दोन नावं आहेत आणि मला जवळजवळ खात्री आहे की तिसरंही निघेल. पट्टीवरचं कलकत्त्याचं नाव बहुधा विकणाऱ्याचं. मँटन, रोडा, लायन अँड लायन अशा कलकत्त्याच्या पेढ्या विलायतेतून, बऱ्याचदा बर्मिंगहॅमहून माल मागवायच्या आणि त्यावर आपलं नाव घालून विकायच्या. (त्यातल्या रोडा कंपनीचा माल बंगालच्या क्रांतिकारकांनी २६ ऑगस्ट १९१४ ला पळवला होता, ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं, हे नाव तुम्ही शाळेत वाचलं असेल.) म्हणजे वर नाव कलकत्त्याचं, जन्म बर्मिंगहॅमचा, आणि लाकडावर पुण्याचा माणूस. मग मिस्त्रीनं नक्की काय केलं? शोध इथूनच सुरू होतो, नाहीतर आपण त्याच्या नावावर भलतंच काहीतरी जमा करून बसतो.

हे मी स्वतः करून बसलोय म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरातल्या दुनळीबद्दल मी लिहिलं की ही संपूर्ण बंदूक पुण्यात घडली. दस्त्यावर नाव होतं, घरच्यांना अभिमान होता, मलाही होता. छापून आल्यावर एका निवृत्त आर्मररनं (हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं) मला बोलावून घेतलं, लायसन्सवाल्या मालकांसमोर नळ्या उतरवल्या आणि खालच्या सपाट भागावरचे ठसे दाखवले. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (तिथे नळ्या तपासून ठसा मारतात), स्वच्छ, कोणीही वाचावेत असे. मी पुढच्या अंकात चूक दुरुस्त केली, पण त्या घरातल्या आजींचा पडलेला चेहरा अजून आठवतो. आणि वाईट ह्याचं वाटलं की त्या कारागिराचं जे खरं काम होतं, तो अप्रतिम दस्ता, त्याबद्दल मी दोन ओळीसुद्धा लिहिल्या नव्हत्या.

तर आधी बंदूक वाचा. तुम्ही नाही, काकांनी उघडायची, त्यांच्या नावावर आहे म्हणून. त्यांना जमत नसेल तर लायसन्सधारक डीलरकडे त्यांच्यासोबत जा. रिकामी आहे ना हे दोनदा बघून मग नळ्या उतरवायच्या. खालच्या सपाट भागावर छोटे छोटे ठसे दिसतील. मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि बी-पी-सी अक्षरं असतील तर ते बर्मिंगहॅमचे १९०४ च्या आधीचे. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशा अक्षरांच्या जोड्या असतील तर १९०४ नंतरचे. काडतूस बसतं त्या घराची लांबी, २½ इंच वगैरे, ठोकलेली असेल तर ती पद्धत १९२५ च्या नियमांपासूनची. लंबगोलात ई-एल-जी आणि तारा दिसला तर बर्मिंगहॅम विसरा, नळ्या बेल्जियममधल्या लिएजच्या.

हे सगळं का बघायचं, तर समजा ठसे १९०४ च्या आधीचे निघाले. मग बंदूक १९३५ ला निदान तीस वर्षं जुनी होती आणि मिस्त्रीनं जुन्या धातूला नवीन लाकूड दिलं. आजोबांनी ती सेकंडहँड घेतली असेल, दस्ता मोडला असेल, किंवा कोणा साहेबाच्या मापाची होती ती आपल्या मापाची करून घेतली असेल. आणि ठसे १९२५ नंतरचे असतील तर नवीकोरी बंदूक घेऊन लगेच दस्ता बदलायला खर्च करणारा माणूस, म्हणजे आजोबांबद्दलच काहीतरी नवीन कळलं.

ठशांचे फोटो काढताना फ्लॅश नको, टॉर्च एका बाजूनं जवळजवळ आडवा धरा म्हणजे कोरलेलं उठून दिसतं. फोटोत मोजपट्टी ठेवा. चकतीवर बटरपेपर धरून मऊ पेन्सिल हलकी फिरवा, फोटोत न दिसणारी वेलांटी कधीकधी कागदावर येते. आणि हात जोडून सांगतो, पॉलिश करू नका. ब्रासो नको, चिंच नको, काहीही नको. बंदुकीवरचं नाव-नंबर घालवणं हा १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे गुन्हाच आहे, पण तो भाग सोडला तरी, माझ्या ओळखीत एकांनी दस्ता फर्निचर पॉलिशवाल्याकडे दिला, त्यानं कौतुकानं पॉलिशपेपर मारून आरशासारखा करून दिला आणि मुठीवरची हातानं कापलेली सगळी जाळी बोथट झाली. शंभर वर्षांच्या हातांचा मळ गेला आणि कारागीरही गेला.

आता लाकूड. इथे खरा मिस्त्री भेटेल. दस्ता अक्रोडाचा का शिसवीचा? शिसव जड असते, अक्रोड हलका आणि रेषा सुंदर. मग लोखंड लाकडात जिथे बसतं ती कड बघा. चांगला कारागीर काय करायचा, तर धातूला दिव्याची काजळी लावून लाकडात बसवायचा, काढायचा, जिथे काळं लागलं तिथलं केसभर लाकूड पटाशीनं तासायचा, परत काजळी, परत बसवायचं, असं शेकडो वेळा. शेवटी लाकडाच्या आणि लोखंडाच्या मध्ये कागदसुद्धा जाऊ नये. काकांना विचारा, ब्लेडचं टोक शिरतं का त्या फटीत? नव्वद वर्षांनंतरही शिरत नसेल तर हा माणूस कोण होता हे तुम्हाला आत्ताच अर्धं कळलं. स्क्रूंच्या खाचा बघा, सगळ्या एका रेषेत, नळीला समांतर आहेत का? मागच्या बाजूला शिंगाची पट्टी आहे का? मुठीवर जी चौकड्यांची जाळी कापलेली असते तिच्या एका इंचात किती रेषा येतात ते मोजून ठेवा, हा आकडा फार कामाचा आहे, शेवटच्या प्रश्नात सांगतो का ते.

आणि आता 'माझ्या हाताची'. आजोबा बढाई मारत नव्हते. दस्ता मापानं होतो, जसा कोट होतो. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी, गाल टेकतो तिथला उतार, खांद्याला लागतो तिथला उतार, आणि उजव्या-डाव्या खांद्याप्रमाणे किंचित बाजूला दिलेला झोक. आज बालेवाडीच्या रेंजवर पोरं स्क्रू फिरवून हे सगळं ॲडजस्ट करतात, तेव्हा ते लाकडातच कापावं लागायचं आणि एकदा जास्त कापलं की संपलं. ही चारही मापं घ्या. मग घरात आजोबांचा एखादा उभा फोटो, जुना कोट, काठी, काय असेल ते काढा आणि ताडून बघा. माप जुळलं तर 'करून दिली' ह्याला आधार मिळाला, नाही जुळलं तर मिस्त्रीनं दुसऱ्या कोणासाठी केलेली बंदूक नंतर आजोबांकडे आली असंही असू शकतं. दोन्ही निकाल मनापासून स्वीकारायची तयारी ठेवा.

कागदांचं सांगतो. मिस्त्रीच्या नावानं शोधू नका, गिऱ्हाइकांच्या नावानं शोधा. असा कारागीर स्वतःबद्दल काही लिहून ठेवत नाही, तो दुसऱ्यांच्या कागदात राहतो. आजोबांचं जुनं लायसन्स आहे का घरात? त्यावर बंदुकीचं वर्णन आणि नंबर असतो. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस स्टेशनला जमा केल्याच्या पावत्या लोक वर्षानुवर्षं ट्रंकेत ठेवतात, त्यावरही वर्णन असतं, त्या काढा. नंबर मिळाला की दुसरं टोक विलायतेत पकडता येतं. बंदूक कुठल्या कारखान्याची हे ठशांवरून कळलं तर वेस्टली रिचर्ड्ससारख्या काही जुन्या कंपन्यांची विक्रीची रजिस्टरं जपलेली आहेत, नंबरावरून ती कधी आणि कोणाला गेली ते निघू शकतं.

पुण्यातली सरकारी बाजू थोडी डोकं लावून करायला लागेल. पोलीस आयुक्तालय पुण्यात १९६५ ला झालं, त्याआधीच्या लायसन्सचा कारभार जिल्हा मॅजिस्ट्रेट म्हणजे कलेक्टरकडे. तेव्हा १९३५ साठी आयुक्तालयात चकरा मारून उपयोग नाही. हत्यारं बनवायला आणि विकायला १८७८ च्या कायद्यापासून लायसन्स लागत होतं, आणि १९५९ च्या कायद्यात, जो ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला, दुरुस्तीसाठीही लायसन्स स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमचे मिस्त्री १९६२ नंतर धंद्यात असतील तर कुठल्यातरी रजिस्टरात त्यांचं नाव यायलाच हवं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टँप लावून अर्ज करा, पण 'अमुक व्यक्तीची सगळी माहिती द्या' असं लिहिलंत की खासगी माहिती म्हणून फेटाळतील. 'अमुक वर्षांतली हत्यार उत्पादक, विक्रेते व दुरुस्ती परवानाधारकांची नोंदवही बघायला मिळावी' असं लिहा. नोंदवहीच नष्ट झाली असेल तर तसं लेखी मागा, तेही कामाचं असतं, पुढच्या माणसाची खेप वाचते.

वर्तमानपत्रं. केसरी १८८१ पासून आहे, सकाळ १ जानेवारी १९३२ ला सुरू झाला, ज्ञानप्रकाशही तेव्हा चालू होता. सगळं वर्ष चाळू नका, डोळे जातील. १९३५ च्या ऑक्टोबरमधला दसरा धरा आणि त्याच्या आधीचे पंधरा दिवस बघा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, म्हणजे साफसफाई-दुरुस्तीवाल्यानं जाहिरात द्यायची तर तेव्हाच देणार. चार ओळींची जाहिरात असेल, फोटो नाही, काही नाही, पण तिच्यात पेठ मिळेल. आणि पेठ मिळाली की सिटी सर्व्हेच्या ऑफिसात जाऊन मिळकत पत्रिका, घर कोणाचं, नंतर कोणाकडे गेलं, ही साखळी लागते. दुकान नदीकाठच्या पेठांत असेल, शनिवार, नारायण, कसब्याचा खालचा भाग, तर मन घट्ट करून जा, कारण १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यात तिथल्या घरांचे कागद, वह्या, हत्यारं सगळं गेलं. मी अशा दोन घरांत जाऊन आलोय, जिथे भिंतीवर पाण्याची रेघ अजून दाखवतात आणि त्याच्या खालचं काहीच उरलेलं नाही.

'मिस्त्री' ह्यावरून जात-गाव ठरवायची घाई करू नका. ते आडनावही असतं, पारशी-गुजराती-कच्छी लोकांत, आणि नुसतं हुद्द्यासारखंही लावतात. पुण्यात हे काम लोहार, सुतार, शिकलगार, जिनगर, कोणीही करत असेल. खडकीच्या आर्सेनलमधून (लष्करी शस्त्रागारातून) शिकून बाहेर पडलेला माणूसही असू शकतो, ही शक्यता मी तरी फार वर ठेवतो, कारण स्क्रू आणि लाकूड दोन्ही जमणारा माणूस तिथे तयार व्हायचा. पण एकदा का आडनाव आणि मूळ गाव पक्कं झालं की नाशिक, पंढरपूरला क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आहेत. घरातला कोणी यात्रेला गेला असेल तर तीन पिढ्यांची नावं तिथे एका पानावर मिळतात, कधी पणतू आज कुठे राहतो तेसुद्धा.

आणि माणसं. कागदाच्या आधी माणसं खरं तर. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि ह्या कारागिरांच्या हातचं काम गेलं, पुढे शेताच्या राखणीच्या बंदुका आणि बँकेच्या वॉचमनच्या बंदुका एवढंच राहिलं. म्हणजे त्यांचं दुकान चालू असताना पाहिलेला सगळ्यात तरुण माणूस आज साठ-सत्तरीचा आहे. मुळशी, मावळ, वेल्ह्यात राखणीच्या बंदुकीचं लायसन्स ज्यांच्या घरात आहे अशा चार घरी काकांना घेऊन जा आणि एवढंच विचारा, 'बंदूक नादुरुस्त झाली की तुमचे वडील पुण्यात कुठे न्यायचे?' नाव विचारू नका, नाव सुचवलं की लोक हो म्हणतात. रस्ता विचारा. कुठे उतरायचे, कुठून चालत जायचे, शेजारी कसलं दुकान होतं. माणसाला नाव आठवत नाही पण शेजारचं भज्यांचं दुकान आठवतं.

काकांना एक निरोप द्या, ती बंदूक आता वाजवून बघू नका. २½ इंचाच्या घरात हल्लीचं लांब काडतूस घातलं तर दाब वाढतो, आणि जुन्या नळ्यांचा भरवसा कोणी द्यायचा.

प्रश्न : माझं कॉलेज औंधला आहे. जुन्या बाजारात रविवारी एका माणसाकडे ठासणीच्या बंदुकीची नळी आणि घोडा मिळतोय, अँटिक आहे म्हणतो. अभ्यासासाठी घेतली तर चालेल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : घेऊ नका. 'अँटिक' हा शब्द विकणारा वापरतो, कायदा वेगळं विचारतो. वस्तू पुराणकालीन किंवा मोडकी आहे आणि दुरुस्त करूनही वाजवता येणार नाही, असं असेल तरच ती आर्म्स अ‍ॅक्टच्या बाहेर जाते, आणि ते ठरवणारे तुम्ही-मी किंवा तो फेरीवाला नाही. बंदुकीचे सुटे भागसुद्धा कायद्यात येतात. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा वेगळाच. अभ्यास करायचाय ना, मग बाजीराव रोडला केळकर संग्रहालयात जा, तिथे जुनी हत्यारं काचेत मांडलेली आहेत, वही घेऊन दोन तास बसा. चित्र काढा. फोटोपेक्षा चित्र काढताना जास्त दिसतं.

प्रश्न : सर, मी भवानी पेठेत राहते, वय ६८. माझे आजोबा बंदुकीचे मिस्त्री होते, घरातच माडीखाली काम करायचे. त्यांची हत्यारं एका पेटीत आहेत आणि एक लांबट वही आहे, अर्धी मोडीत अर्धी बाळबोध. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे असं लिहिलंय : '१४। १॥ २। उ. १ सू.' पुढच्या ओळीत '१३॥। १॥ २ डा. १ सू.' अशी पानंच्या पानं. मुलगा म्हणतो पैशांचा हिशोब असेल, सून म्हणते उभ्या रेघा म्हणजे पूर्णविराम. ह्याचा अर्थ लागेल का? आणि ह्या सगळ्याचं मी करू काय, माझ्यानंतर कोण बघणार?
— एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : ताई, तुमची वही म्हणजे पहिल्या प्रश्नातले कोथरूडचे वाचक ज्याच्यासाठी वणवण करणार आहेत ते आहे. (तुमच्या आजोबांचं नाव आणि त्यांच्या चकतीवरचं नाव वेगळं आहे, पत्र आल्यावर मी आधी तेच पाहिलं.)

त्या रेघा पूर्णविराम नाहीत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, दोन रेघा आणि पुढे एक म्हणजे पाऊण. आपल्या आजी दुधाचा हिशोब असाच लिहायच्या. तर '१४।' म्हणजे सव्वाचौदा, '१॥' दीड, '२।' सव्वादोन. हे इंच आहेत. 'सू.' म्हणजे सूत, इंचाचा आठवा भाग, सुतार अजूनही म्हणतात. पैसे असते तर आकडे कमी-जास्त झाले असते, सगळ्या गिऱ्हाइकांचा पहिला आकडा तेरा ते पंधराच्या मध्येच कसा येईल?

आता वाचा. सव्वाचौदा इंच चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत. गालापाशी दीड इंच उतार, खांद्यापाशी सव्वादोन, हे नळ्यांवर सरळ पट्टी ठेवून तिच्यापासून खाली मोजतात. 'उ.' म्हणजे उजव्या खांद्याचा माणूस आणि त्याच्यासाठी दस्ता एक सूत बाहेर झुकवलेला. दुसऱ्या ओळीतला माणूस डावखुरा होता, हात जरा आखूड, पावणेचौदाचा. लांबीचा अंदाज घ्यायची एक जुनी पद्धत म्हणजे कोपर वाकवून आतल्या घडीपासून चापावरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचं. तुमच्या माडीखाली ही माणसं हात वाकवून उभी राहिली असतील आणि आजोबांनी पट्टी लावून आकडा घातला असेल. पानंच्या पानं.

पेटीत एक छोटं हत्यार असेल, लाकडी मुठीचं, टोकाला बारीक दात्यांच्या दोन समांतर ओळी. जाळी कापायचं. पहिली रेष हातानं, मग एक ओळ त्या रेषेत फिरवायची, दुसरी आपोआप पुढची रेष आखते. म्हणजे दोन रेषांमधलं अंतर त्या हत्याराचं असतं, आणि ते हत्यार आहे तोवर प्रत्येक दस्त्यावर तेच अंतर येतं. कपड्यांच्या साबणाच्या वडीवर हलकेच फिरवा, ठसा येईल, इंचात किती रेषा त्या मोजा. पुण्यात किंवा आसपास कोणाच्या घरी नाव नसलेला दस्ता असेल आणि त्यावर तेवढ्याच रेषा असतील, आणि वहीतलं मापही जुळत असेल, तर ते काम आजोबांचं म्हणता येईल. फक्त रेषा जुळल्या तर म्हणू नका, दोन गोष्टी जुळायला हव्यात. हत्यारांना तेल नको, गंज खरवडू नका, सुती फडक्यात एकेक वेगळं गुंडाळा. पेटीत चुकून काडतूस, दारू किंवा नळीचा तुकडा निघाला तर हात न लावता पोलीस स्टेशनला कळवा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

वहीचं काम मात्र ह्याच महिन्यात करा. मुलाला सांगा पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, कोरी पानंसुद्धा, क्रम न मोडता, खिडकीच्या उजेडात. मधली चिठ्ठी निघाली तर ती ज्या पानात होती त्या पानासकट. मोडी वाचणारी मंडळी पुण्यात भरपूर आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, सदाशिव पेठेत, १९१० पासूनची संस्था आहे. मूळ वही कोणाला घरी नेऊ देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी, वाचायचं तर तुमच्या समोर बसून. पुढे द्यायची ठरवलीत तर वही आणि पेटी एकत्रच द्या आणि लेखी पोच घ्या. वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या की त्या रेषा आणि ते आकडे परत कधी भेटणार नाहीत.

आणि तुमची स्वतःची आठवण. माडीखाली उजेड कुठून यायचा, आजोबा बसायचे का उभे राहायचे, लाकडाला कसलं तेल लावायचे, वास कसला यायचा, गिऱ्हाईक आलं की तुम्हाला वर पिटाळायचे का. सुनेला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा, एका बैठकीत नको, पेटी समोर ठेवून एकेक हत्यार हातात घेऊन बोला. हे दुसऱ्या कुठल्या दफ्तरात मिळणार नाही.

एक विनंती आहे. वहीच्या शेवटी उधारीची पानं असतील, असतातच. माणसाचं नाव, गाव, राहिलेले पैसे. ती मोडीत असतील आणि कंटाळवाणी वाटतील, पण आधी ती वाचून घ्या, कारण मापाच्या पानावर नुसतं 'रावसाहेब' लिहिलेला माणूस उधारीच्या पानावर पूर्ण नावागावासकट असतो. त्या गावांची यादी झाली की मला पाठवा, कोथरूडच्या वाचकांच्या काकांना मी आजच लिहितोय, मुळशीतलं एखादं गाव त्यात निघालं तर तिथून सुरुवात करू.